पॉइंट किती, हा प्रश्न नंतरचा

वाचकाचं पत्र, थोडक्यात: कोथरूडमधल्या एका वाचक भगिनींचा 1988 साली बांधलेल्या सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट आहे. घरात त्या, पती, सासूबाई आणि कॉलेजात जाणारी मुलगी. स्वयंपाकघर पहिल्यांदाच मुळापासून नवं होतंय. आजवर ओट्यावर एक बोर्ड, फ्रिजला पंधरा अँपिअरचा एक पॉइंट आणि त्याला कायमचा लावलेला एक्स्टेंशन बोर्ड, एवढ्यावर भागलं. इंडक्शन आणि मायक्रोवेव्ह चालू असताना कोणी किटली लावली, की थोड्या वेळात एमसीबी, म्हणजे भार वाढला की आपोआप बंद होणारा स्विच, पडतो. इंटिरिअरवाल्यांनी आराखड्यात चौदा पॉइंट दाखवलेत आणि कोपऱ्यात ‘सर्व हेवी वायर’ असं लिहिलंय. घरचं काम पंचवीस वर्षं करणारे वायरमन काका म्हणतात, सहा पॉइंट पुष्कळ झाले, आतली वायर चांगली आहे, एमसीबी तेवढा मोठा टाकू म्हणजे पडायचा थांबेल. पतींना काकांना दुखवायचं नाही. सासूबाईंच्या मते आधी जे होतं त्यात काही वाईट नव्हतं, फक्त घरघंटी मात्र ओट्याशेजारी हवी. टाइल्सवाला पुढच्या आठवड्यात येतोय आणि गणपतीच्या आत सगळं व्हायला हवं. त्यांनी विचारलंय, ‘कोणाचं ऐकू?’

तुमच्या प्रश्नाकडे वळण्याआधी एक गोष्ट सांगतो, कारण तिला थांबायला वेळ नाही. आहे त्या वायरवर मोठा एमसीबी टाकू देऊ नका. बाकी सगळं पुढेमागे करता येईल, पण या एका गोष्टीला स्पष्ट नाही म्हणा.

एमसीबी तुमच्या मिक्सरला किंवा मायक्रोवेव्हला वाचवायला बसवलेला नसतो. तो भिंतीतल्या वायरला वाचवायला असतो. तुमचं गणित मांडून बघू. इंडक्शन दोन हजार वॅट, मायक्रोवेव्ह साधारण चौदाशे, किटली पंधराशे, फ्रिज दोनशे. झाले 5100 वॅट. आपल्याकडच्या 230 व्होल्टला ते 22 अँपिअर होतात. एमसीबी बहुधा 16 चा असणार, म्हणून तो काही मिनिटं तग धरतो आणि मग पडतो. त्याचं काम तो चोख करतोय. त्या जागी 32 चा बसवला तर तो 22 अँपिअरकडे ढुंकूनही बघणार नाही. वायर तापत राहील. वायरवरच्या साध्या पीव्हीसी आवरणाची मर्यादा 70 अंश सेल्सिअस असते. रोज सकाळी त्याच्या वर गेलं की आवरण कडक होतं, तडकतं, आणि हे सगळं प्लॅस्टरच्या आत घडत असल्यामुळे वास येईपर्यंत घरात कोणाला कळत नाही. त्या काळच्या अनेक घरांत वायर ॲल्युमिनियमची आहे. तिच्या जोडण्या वर्षांनुवर्षांत सैल पडतात आणि आधी तिथेच जळतं.

हे वाचून काकांवर रागावू नका. तुम्ही त्यांना ‘एमसीबी पडतो, काय करू?’ असं विचारलंत आणि त्यांनी तेवढ्याच प्रश्नाचं उत्तर दिलं. उद्या त्यांना वेगळं विचारा: ‘काका, भिंतीतली वायर किती स्क्वेअर एमएमची आहे, आणि तांब्याची की ॲल्युमिनियमची?’ पंचवीस वर्षं काम केलेला माणूस बोर्ड उघडून दोन मिनिटांत सांगेल. उत्तर बहुधा ‘दीडची’ असेल, आणि तुमच्याही आधी त्यांनाच उमगेल की 32 चा एमसीबी तिथे चालणार नाही.

आता इंटिरिअरवाल्यांकडे येतो. त्यांचे चौदा पॉइंट ऐकायला भरघोस वाटतात, पण पॉइंट म्हणजे भिंतीतलं फक्त एक तोंड. टाकीतून येणारी पाइपलाइन एकच असेल, तर तिला चौदा तोट्या बसवून पाणी वाढत नाही. आराखड्यात तोट्या दाखवल्यात, पाइप कुठून आणि किती येतात हे दाखवलेलंच नाही. ‘सर्व हेवी वायर’ हे तर वर्णनही नाही. दिव्याला हेवी वायर लागत नाही, आणि इंडक्शनला जी लागते तिला नुसतं हेवी म्हणून भागत नाही, आकडा लागतो.

म्हणून सहा की चौदा, या वादात मी पडत नाही. तुम्हीही पडू नका. दोघांनीही पॉइंट मोजले आणि दोघांनीही एक गोष्ट विचारली नाही: सकाळी सात वाजता तुमच्या घरात एकाच वेळी काय काय चालू असतं? हे त्यांना माहीत असायचं कारण नाही. तुम्हाला माहीत आहे. पत्रात तुम्ही लिहिलंय, ‘मला यातलं काही कळत नाही.’ ते मला मान्य नाही. वायरिंगचा आराखडा जिथून सुरू होतो ती माहिती घरात फक्त तुमच्याकडे आणि सासूबाईंकडे आहे.

एक कागद घ्या. उद्या-परवा सकाळी साडेसहा ते साडेआठ आणि संध्याकाळी स्वयंपाकाच्या वेळी कोणती उपकरणं खरोखर एकत्र चालतात ते लिहा. प्रत्येकाच्या मागे किंवा खाली चिकटवलेल्या पट्टीवर वॅटचा आकडा असतो, तोही शेजारी लिहा. नव्या स्वयंपाकघरात जे नक्की येणार ते दुसऱ्या रंगात, आणि जे ‘कधीतरी’ येईल ते पेन्सिलीने. अंदाज हवा असेल तर मिक्सर पाचशे ते साडेसातशे वॅट घेतो, डिशवॉशर पाणी तापवताना दोन हजारांच्या आसपास, कन्व्हेक्शनवर चालवलेला मायक्रोवेव्ह दोन हजारांच्या पुढेही जातो, चिमणी दोनशे-अडीचशे आणि पाण्याचा प्युरिफायर जेमतेम पन्नास. एक अश्वशक्तीची घरघंटी 746 वॅट, पण मोटर सुरू होताना क्षणभर त्याच्या कितीतरी पट ओढते. सिंकखालचा इन्स्टंट गीझर एकटाच तीन हजार.

सासूबाईंचं म्हणणं चुकीचं नाही. गॅस, मिक्सर आणि फ्रिज एवढ्यावर घर चालत होतं तेव्हा एक बोर्ड खरंच पुरत होता. उष्णता गॅसकडून विजेकडे सरकली, तिथून हिशेब बदलला. उष्णता निर्माण करणारी वस्तू म्हणजे मोठा भार. आवाज करणारी म्हणजे मध्यम. नुसते दिवे लुकलुकणारी म्हणजे किरकोळ. एवढं ध्यानात ठेवलंत तरी तुमच्या यादीतल्या प्रत्येक वस्तूची जागा ठरते.

तुमच्या पत्रातल्या यादीवरून मी असं सुचवेन. इंडक्शनला डीबीपासून, म्हणजे घरातले सगळे एमसीबी असलेल्या पेटीपासून, थेट स्वतंत्र वायर द्या, चारची, 20 च्या एमसीबीवर. दोन हजार वॅटला अडीचचीही पुरते, पण उद्या दोन शेगड्यांचा बसवायचा इंडक्शन घ्यावासा वाटला तर चारची कामाला येईल. चार शेगड्यांचा सात हजार वॅटपर्यंत जातो आणि त्याला सहाची लागते. ते डोक्यात असेल तर आत्ताच सांगा. ओट्याच्या उरलेल्या भागासाठी दोन वेगळ्या लाइन काढा, प्रत्येकी अडीचची आणि 16 च्या एमसीबीवर. एकीवर मायक्रोवेव्ह, दुसरीवर किटली आणि मिक्सर. 16 अँपिअर म्हणजे 3680 वॅट, त्यात या जोड्या आरामात बसतात, पण मायक्रोवेव्ह कन्व्हेक्शनवर असताना त्याच लाइनवर किटली लागली तर काठावर येतं. म्हणून त्या दोघांना एकत्र आणू नका. डिशवॉशरची लाइन त्याची त्याला. फ्रिजचीही वेगळी, कारण तुम्ही गावाला गेलात आणि ओट्यावर काही बिघडून स्विच पडला, तर फ्रिजमधलं वाया जाऊ नये. दिवे, चिमणी आणि प्युरिफायर दीडच्या एका लाइनवर खुशाल एकत्र राहतील.

मोजलेत तर पॉइंट दहा-बारा भरतील. इंटिरिअरवाले आणि काका, दोघांच्या मधे कुठेतरी. पण महत्त्वाचं हे की डीबीत स्वयंपाकघराचे सहा एमसीबी असतील.

सिंकखालच्या गीझरबद्दल माझं मत विचारलंत तर: डिशवॉशर घेणार असाल तर तो कशाला? पुण्यात थंडीचे दोन-अडीच महिने भांडी घासताना हात गारठतात हे खरं, पण ते काम डिशवॉशर करेल. तरी मन मानत नसेल तर सिंकच्या बाजूला वायरीसाठी एक रिकामा पाइप टाकून ठेवा आणि नंतर वायर आत ओढायला एक तार.

इथेच तुमची टाइल्सवाल्याची घाईही निम्मी सुटते. टाइल्सच्या आत कायमचे गाडले जातात ते पाइप आणि लोखंडी किंवा प्लॅस्टिकचे बॉक्स. वायर, एमसीबी, स्विच यांचं नंतरही ठरवता येतं, फक्त पाइपमध्ये जागा हवी. म्हणून पुढच्या आठवड्याच्या आत तुम्हाला दोनच गोष्टी ठरवायच्यात: बॉक्स कुठे आणि पाइप कुठून. मोठ्या भाराच्या लाइनला 20 ऐवजी 25 मिलिमीटरचा पाइप घ्या, आणि एका पाइपात वायरी कोंबायच्या नाहीत. ग्रॅनाइटच्या बिलापुढे पाइपचा खर्च काहीच नाही. कंजुषी करायचीच असेल तर हँडलमध्ये करा.

बॉक्सची जागा ठरवताना ओट्यापासून आठ-दहा इंच वर ठेवा, म्हणजे मिक्सरमागे प्लग अडकत नाही आणि ओटा धुताना पाणी आत जात नाही. सिंकपासून निदान दोन फूट लांब. शेगडीच्या मागच्या भिंतीवर पॉइंट नको, बाजूलाही हातभर अंतर राखा, फोडणीची वाफ आणि तेल तिथे बसतंच. डिशवॉशर आणि फ्रिजच्या बरोबर मागे सॉकेट देऊ नका. ते शेजारच्या कपाटात द्या आणि स्विच ओट्याच्या वर, हाताशी. काही पेटलं तर आधी फ्रिज ओढून मग स्विच शोधायला वेळ नसतो.

गॅसबद्दल तुम्ही काही लिहिलेलं नाही, म्हणून दोन्ही शक्यता सांगतो. सिलिंडर ओट्याखाली असेल तर त्या कप्प्यात कोणताही पॉइंट, जंक्शन किंवा कपाटाचा दिवा नको. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला तर खालीच साचतो, आणि स्विचची ठिणगी त्याला पुरते. एमएनजीएलची पाइपलाइन असेल तर तो गॅस हलका, वर जातो, म्हणून पाइपच्या आणि मीटरच्या वरच्या बाजूलाही स्विच नको. गॅसच्या पाइपला अर्थिंगची वायर कोणी जोडत असेल तर काम तिथेच थांबवा. हा प्रकार मी पाहिलाय, म्हणून लिहितोय.

भिंतीबद्दल एक. तुमची इमारत 1988 ची, म्हणजे भिंती विटांच्या. झिरी मारणं सोपं, म्हणून हात मोकळा सुटतो. उभी झिरी चालेल. पातळ भिंतीत लांबलचक आडवी झिरी मात्र तिला कमकुवत करते, आणि बीम-कॉलमला तर छिन्नी लागताच कामा नये. पाइप सरळ उभे-आडवे जाऊ द्या, तिरके नकोत. प्लॅस्टर होण्याआधी प्रत्येक भिंतीचा फोटो काढा, शेजारी टेप धरून. कपाटं बसवायला सुतार आला की ड्रिल कुठे मारायचं नाही हे त्याला दाखवता येईल.

वाकड, बाणेर, हिंजवडीकडच्या नव्या टॉवरमध्ये राहणाऱ्या वाचकांसाठी थोडं वेगळं. तिथल्या बऱ्याच इमारती मायवान पद्धतीच्या, म्हणजे भिंतीच काँक्रीटच्या. त्यांत झिरी मारायची नसते. त्या भिंती इमारतीचा भार घेतात. बिल्डरने दिलेल्या पाइपमधून वायर बदलता येते का ते आधी बघा, नाहीतर कपाटांच्या मागून किंवा फॉल्स सीलिंगवरून पाइप बाहेरून न्या. दिसत नाही आणि भिंतही शाबूत राहते.

पुन्हा तुमच्या घराकडे. जुन्या घरांत सॉकेटला तिसरं भोक असतं, पण त्याच्या मागे वायर असतेच असं नाही. तिसऱ्या मजल्यापर्यंत अर्थिंगची हिरवी वायर आली आहे का, हे काकांकडून मीटरनं तपासून घ्या. नसेल तर मीटररूममधून वर आणावी लागेल आणि सोसायटीचा अर्थिंगचा खड्डा जिवंत आहे का तेही बघावं लागेल. न्यूट्रल आणि अर्थ सॉकेटमध्ये एकत्र जोडून ‘झालं’ म्हणणारे असतात. तसं होऊ देऊ नका. न्यूट्रल कुठे सुटलं तर फ्रिजचं दारच हाताला झटका देईल.

डीबीत 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवाच. बरेच जण त्याला अजून ईएलसीबी म्हणतात. एमसीबी वायर वाचवतो, हा माणूस वाचवतो. जाणारा आणि परत येणारा प्रवाह सारखा नसेल तर तो तोडतो. अर्थिंग नसलं तरी तो काम करतो, पण मग कोणीतरी हात लावल्यावर. अर्थिंग असेल तर कोणाचाही हात लागायच्या आधी. तुम्ही ऐकलं असेल, ‘तो सारखा पडतो म्हणून काढून टाकला.’ अनेकदा त्याचं कारण उपकरणात नसतं. दोन लाइनचे न्यूट्रल कुठेतरी एकत्र बांधलेले असतात. म्हणून काकांना आत्ताच सांगा, प्रत्येक लाइनचा न्यूट्रल डीबीपर्यंत वेगळा आणा. फ्रिजला जमलं तर स्वतःचा वेगळा आरसीसीबी द्या. दोन-तीन महिन्यांतून एकदा त्यावरचं टेस्टचं बटण दाबून बघा. बटण दाबल्यावर तो पडला नाही, तर बदलायचा.

राहिलं ते घराबाहेरचं. तुमच्या वीजबिलावर ‘मंजूर भार’ असा रकाना आहे, तो बघा. स्वयंपाकघरातल्या बेरजेत बाथरूमचा दोन हजार वॅटचा गीझर, दिवे आणि पंखे मिळवलेत तर सकाळी सातला 7300 वॅट, म्हणजे 32 अँपिअरच्या आसपास जाल. बिलावर दोन-तीन किलोवॅट लिहिलेले असतील तर भार वाढवून घ्यावा लागेल. महावितरणकडे ऑनलाइन अर्ज करता येतो आणि त्याला परवानाधारक विद्युत ठेकेदाराचा टेस्ट रिपोर्ट लागतो. तीन फेज हवा का, हे त्याच वेळी विचारा. घरगुती तीन फेजचा स्थिर आकार सिंगल फेजपेक्षा जास्त असतो, तेव्हा गरज नसेल तर हौसेनं घेऊ नका. मीटरपासून तुमच्या डीबीपर्यंतची मुख्य वायर तुमच्या जबाबदारीची. आत सगळं नवं करून ती जुनी बारीक ठेवलीत तर अडचण फक्त जिन्यात सरकेल. तिथे तांब्याची दहाची टाका आणि डक्टमधून न्यायला सोसायटीच्या सेक्रेटरींना आधीच विचारा. आपल्याकडे परवानगीला वायरपेक्षा जास्त वेळ लागतो.

आता तो टेस्ट रिपोर्ट तुमच्या घरातला तिढाही सोडवेल असं मला वाटतं. काकांना डावलायचं नाही हा तुमच्या यजमानांचा आग्रह मला आवडला. पंचवीस वर्षं ज्यांनी दिवाळीच्या आदल्या दिवशीसुद्धा येऊन लाइट चालू करून दिली, त्यांना एका आराखड्यासाठी बाजूला करू नये. पण आदर ठेवणं आणि वायरचा आकडा न विचारणं, या दोन गोष्टी एक नव्हेत. काकांचा स्वतःचा ठेकेदारीचा परवाना असेल तर रिपोर्ट तेच देतील. नसेल तर ज्यांच्या परवान्याखाली ते काम करतात त्यांना शेवटी एकदा बोलवा, मेगरनं, म्हणजे वायरचं आवरण कुठे गळतंय का हे दाखवणाऱ्या मीटरनं, वायरिंग तपासून घ्या आणि सही घ्या. असं सांगितलंत की महावितरणलाच कागद लागतो, तर कोणाला वाईट वाटायचं कारण उरत नाही.

शनिवारी काका आणि इंटिरिअरवाले या दोघांना एकाच वेळी घरी बोलवा. तुमचा सकाळी सातचा कागद मधे ठेवा. काकांना प्रत्येक लाइनपुढे वायरचा आणि एमसीबीचा आकडा लिहायला सांगा, इंटिरिअरवाल्यांना टाइल्सच्या जोडांच्या हिशेबानं बॉक्सची जागा खडूनं भिंतीवर काढायला सांगा. दोघांचं जिथे पटणार नाही तिथे ओट्यासमोर तुम्ही उभ्या राहा आणि हात कुठे जातो ते दाखवा. वायर आयएसआय मार्कची, आगीत धूर कमी करणारी एफआरएलएस घ्या. पुण्यातल्या विजेच्या सामानाच्या बाजारात, तपकीर गल्लीत, जाऊन स्वतः घेतलीत तर बिलासकट घ्या, आणि बंडल घरी आल्यावर त्यावर छापलेला आकार वाचून मगच काकांच्या हाती द्या.

घरघंटीचं मात्र सासूबाईंशी तुम्हालाच बोलावं लागेल. ओट्याशेजारी ती नको: पीठ उडतं, सॉकेटच्या भोकात जाऊन बसतं, आणि फोडणीच्या वेळी मागे ती घरघर. मागच्या बाल्कनीत तिच्यासाठी वेगळी लाइन आणि सी प्रकारचा एमसीबी द्या. तो मोटर सुरू होतानाचा धक्का सोसतो. बाल्कनीत पावसाची झड येत असेल तर सॉकेट झाकणाचा घ्या. आणि स्विच सासूबाईंच्या हाताच्या उंचीवर ठेवा, आराखड्यातल्या उंचीवर नाही.